गावातल्या खेळाच्या आणि कलेच्या जागा: आराखड्याआधी पाहणी कशी करावी

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करायची वेळ आली की खेळ आणि संस्कृती या विषयाखाली बहुतेक गावांत दोनच कामं लिहिली जातात: ‘सभामंडप बांधणे’ आणि ‘ओपन जिम बसवणे’. कोणी मागितलं, कोणासाठी, आधी जे बांधलंय त्याचं पुढं काय झालं, याची चौकशी कोणीच केलेली नसते. ती चौकशी कशी करायची ते इथं सांगतो. नव्यानं निवडून आलेले सदस्य, तरुण मंडळातली मुलं, बचत गटातल्या ताया, एनएसएसच्या शिबिराला आलेले विद्यार्थी, म्हणजे ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचंय त्यांच्यासाठी हे लिहिलंय. तीन-चार हजार वस्तीचं गाव डोळ्यांसमोर ठेवलंय. नगरपंचायत झालेल्या गावाला काय जास्तीचं बघावं लागतं ते शेवटाकडे आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. गावात जागा किती आहेत हे मोजून थांबू नका. त्या कोणाला मिळतात, कधी मिळतात आणि किल्ली कोणाकडं असते, हे शोधा. सभामंडप असूनही मुली लेझीमचा सराव रस्त्यावर करत असतील, तर त्या गावाला दुसऱ्या सभामंडपाची गरज नाही.

आधी दफ्तर

पहिला दिवस ग्रामपंचायतीत घालवा. आपण ज्यांना ग्रामसेवक किंवा भाऊसाहेब म्हणतो (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय) त्यांच्याकडून तीन नोंदवह्या मागा. नमुना २२ म्हणजे स्थावर मालमत्तेची नोंदवही. समाजमंदिर, व्यायामशाळा, वाचनालय, रंगमंचाचा ओटा हे सगळं त्यात असायला हवं. नमुना २४ ही जमिनीची नोंदवही. नमुना १६ मध्ये जड वस्तू येतात, आणि ही वही बघायचं फार थोड्यांना सुचतं. कधी काळी घेतलेले लेझीमचे जोड, कबड्डीच्या मॅट, खुर्च्या, ध्वनिक्षेपक यांच्या नोंदी तिथं सापडतात. वस्तू आता कोणाच्या घरी आहेत हा पुढचा प्रश्न, पण तो वही हातात घेऊन विचारता येतो.

मग तलाठी कार्यालय. मैदान म्हणून गाव जी जागा वापरतं तिचा सातबारा काढा. इथं हमखास आश्चर्याचे धक्के बसतात. एखादं मैदान कोणा शेतकऱ्याच्या आजोबांनी तोंडी दिलेलं असतं आणि कागदावर आजही त्याच कुटुंबाचं नाव असतं. एखादा सभामंडप सरकारी निधीतून, पण देवस्थान ट्रस्टच्या जागेवर उभा असतो. एखादी व्यायामशाळा गायरानात असते. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तेव्हापासून गायरानातल्या बांधकामाकडं प्रशासन कडक नजरेनं बघतं. म्हणून मालकी कोणाची हे कळल्याशिवाय त्या जागेसाठी एक रुपयाचाही प्रस्ताव लिहू नका.

शाळेच्या मैदानाची चौकशी वेगळी करा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेला मैदान असलं पाहिजे, त्यामुळे गावातली सगळ्यांत खात्रीची मोकळी जागा बहुधा जिल्हा परिषद शाळेचीच असते. शाळा सुटल्यावर ती गावाला वापरता येते का, हे आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून ठरवायचं. अनेक गावांत एवढं बोलणं झालं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

शिवारफेरी, पण तीन वेळा

आराखड्याच्या वेळी शिवारफेरी काढतात, ती बहुधा सकाळी दहा-अकराला. त्या वेळी खेळणारं कोणी नसतं आणि गाणारंही कोणी नसतं. म्हणून पहाटे पाचला एकदा, संध्याकाळी साडेपाचला एकदा आणि रात्री नऊला एकदा फिरा. सोबत एक जुना माणूस, एक शाळकरी मुलगी आणि वस्तीवरचं कोणीतरी असू द्या. तिघं तीन वेगळ्या जागा दाखवतील.

पहाटेच्या फेरीत डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी दिसतील. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. अंधारात, ऊसाच्या ट्रॉल्या जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं ही मुलं धावतात. खेळाच्या सोयींची यादी करताना ती कोणाच्याच डोळ्यांपुढं नसतात, कारण त्यांची ‘जागा’ कुठंही नोंदलेली नाही. माझ्या मते बहुतेक गावांत सगळ्यांत निकडीची गरज हीच आहे.

रात्रीच्या फेरीत देवळातलं भजन ऐकू येईल, कुठं ढोलाचा सराव, कुठं कोणाच्या ओसरीवर बायकांचं भारूड. हेही लिहायचं. कलेची जागा म्हणजे चार भिंती असंच डोक्यात असेल तर निम्म्या गोष्टी नजरेतून सुटतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं धानाची कापणी झाल्यावर गावोगावी रात्रभर चालतात. मोकळं झालेलं शेत, त्यावर मंडप, एवढंच नाट्यगृह. तिथल्या गावाच्या आराखड्यात बंदिस्त सभागृहापेक्षा त्या शेताकडं जाणारा रस्ता, विजेची तात्पुरती जोडणी आणि स्वच्छतागृह जास्त मोलाचं.

काही जागा वर्षातून एकदाच लागतात. पंढरपूरच्या अलीकडं, वाखरीजवळ बाजीरावांच्या विहिरीपाशी पालख्यांचं रिंगण होतं. त्या जमिनीवर उरलेल्या दिवसांत काय दिसतं यावरून तिची किंमत करता येईल का? पालखी मार्गावरच्या गावांतले पालखीतळ, जत्रेतल्या कुस्तीचं मैदान, सप्ताहाचा मंडप जिथं पडतो ती जागा, या सगळ्यांच्या नोंदीपुढं ‘वर्षातून एकदा, पण मोकळी राहिलीच पाहिजे’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर दोन वर्षांनी तिथं गाळे उभे राहतात.

एका जागेला एक कागद

प्रत्येक जागेसाठी वेगळा कागद करा. मोठे छापील फॉर्म भरून घेण्यापेक्षा साधी वही बरी. समजा, मारुतीच्या देवळामागच्या तालमीची नोंद करायची आहे. ती अशी दिसेल:

जागा: तालीम. मालकी: ग्रामपंचायत, नमुना २२ मध्ये नोंद आहे. बांधकाम: दगडी भिंत, पत्रा, पत्रा दोन ठिकाणी गळतो. हौद्यातली माती: कडक. वीज: एक दिवा, मीटर बंद, आकडा शेजारून. पाणी: नाही. स्वच्छतागृह: नाही. किल्ली: वस्ताद गावात असतील तेव्हा त्यांच्याकडं, एरवी कोणाकडं ते कोणालाच माहीत नाही. वापर: सकाळी सहा ते सात, पाच-सहा मुलं. मुली: येत नाहीत. का: दार एकच, आत आडोसा नाही, आणि ‘मुलींनी तालमीत यायचं नसतं’ असं बोललं जातं. शेवटचा खर्च: रंग, कोणत्या वर्षी ते भाऊसाहेबांना विचारायचं.

‘माती कडक’ हे नुसतं बाहेरून बघून लिहू नका. हौद्यात उतरा, मूठभर माती उचला. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवलेली असते आणि रोज खोऱ्यानं उकरावी लागते. चांगली माती मुठीत गोळा होते आणि बोटांनी दाबली की फुटते. ढेकूळ फुटत नसेल, वर पांढरट पापुद्रा असेल, तर तिथं कित्येक दिवसांत लढत झालेली नाही, मग कागदावर ती तालीम चालू असली तरी. व्यायामशाळेत हेच काम साखळी आणि बाक करतात: साखळीवरचा गंज आणि बाकावरची धूळ कोणाच्याही सांगण्यापेक्षा जास्त बोलते. वाचनालयात जाऊन शेवटचं पुस्तक कोणत्या तारखेला दिलं ते बघा. अनुदानासाठी सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. वर्ग कोणताही असो, देवघेवीची वही खरं सांगते.

टेप घेऊन मोजा

अंदाजानं ‘मैदान मोठं आहे’ असं लिहू नका. ३० मीटरचा टेप आणि चुना घ्या, शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना सोबत न्या. काही मापं पाठ असलेली बरी. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. व्हॉलीबॉल १८ बाय ९. खो-खो २७ बाय १६, आणि भोवती दीड मीटरची मोकळी पट्टी. म्हणजे खो-खोला सहा गुंठ्यांच्या आत जागा लागते आणि कबड्डीला, भोवतीची जागा धरूनही, दोन-अडीच गुंठे पुरतात. ज्या गावात ‘आमच्याकडं जागाच नाही’ असं ऐकू येतं तिथं ही मापं सांगून बघा.

धावण्याच्या मार्गाचं गणितही सोपं आहे. ५० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि १६ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं आखली की २०० मीटरची फेरी होते. दोन-तीन माणसं शेजारी शेजारी धावतील एवढी रुंदी ठेवली तरी हे सगळं एका एकराच्या आत बसतं, आणि मधल्या भागात कबड्डी, खो-खो दोन्ही होतात. १६०० मीटर म्हणजे आठ फेऱ्या. भरतीच्या मुलांना सिंथेटिक ट्रॅक नको असतो. सपाट माती, पाण्याचा निचरा आणि पहाटे दोन दिवे एवढं मिळालं तरी ती रस्ता सोडतील.

निचरा पावसाळ्यातच बघायचा. उन्हाळ्यात सगळी मैदानं चांगली दिसतात. जुलैमध्ये पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी जा, पाणी कुठं साचलंय त्याचा नकाशा काढा. दारापाशी पायरी आहे की उतार, हेही टेपनं मोजा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बारा फुटांना एक फुटापेक्षा चढा नको.

इमारतीची तब्येत

कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान आणि त्याला लागूनच नाटकासाठी पॅलेस थिएटर उभारलं. खेळ आणि कला एकाच आवारात, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी. तेच थिएटर पुढं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं आणि ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत जळालं. संपूर्ण महाराष्ट्र हळहळला. आपल्या गावच्या सभागृहाची पाहणी करताना ही आठवण जागी ठेवा. लोंबकळणाऱ्या वायरी, रंगमंचामागं साठवलेल्या गाद्या, कापडी पडदे आणि मंडपाचं सामान, कुलूप लावलेलं मागचं दार, अग्निशामक नळकांडं आहे की नाही आणि असेल तर त्यावरची तारीख काय, हे सगळं लिहा. स्लॅबला तडे, उघड्या पडलेल्या सळ्या, ओल दिसली तर स्वतः निदान करत बसू नका. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना लेखी पत्र द्या आणि त्यांचा अहवाल येईपर्यंत तिथं कार्यक्रम घेऊ नका, असं ठामपणे सांगा.

जे येत नाहीत त्यांना विचारा

सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या. मैदानावर जी मुलं आहेत त्यांना विचारलं तर ती क्रिकेटची खेळपट्टी मागतील, आणि त्यांचंही बरोबरच आहे. पण जे तिथं नाहीत त्यांचं म्हणणं मैदानावर कसं कळणार?

आठवीपर्यंत कबड्डी खेळणाऱ्या मुली नववीत गेल्यावर कुठं जातात? वाडीवरची मुलं गावठाणातल्या मैदानावर येतात का, की येताना कोणी काही बोलतं? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातली मुलं परत आल्यावर शाळेच्या संघात असतात का? पायानं अधू असलेले काका हरिपाठाला देवळाच्या पायऱ्या कशा चढतात? एखाद्या समाजाचं समाजमंदिर गावातल्या बाकीच्यांना ‘आपलं’ वाटतं का, आणि गावचं सभागृह त्या समाजाला लग्नासाठी मिळतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो. तरीही विचारा. तो वगळून केलेली पाहणी अर्धवट राहते.

विचारण्याची रीतही महत्त्वाची. ‘गावात काय हवंय?’ असं विचारलं की लोक आधी ऐकलेलं सांगतात: जिम, हॉल, कमान. त्याऐवजी ‘काल संध्याकाळी कुठं होतात?’, ‘शेवटचं भजन कुठं केलंत, दिवा कोणाच्या घरचा होता?’, ‘सामना भरवायचा तर कोणाला विचारावं लागतं?’ असं विचारा. मुलींशी त्यांच्या शाळेत, शिक्षिकेसमवेत बोला. बायकांशी बचत गटाच्या बैठकीत बोला. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असतेच. त्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी घालून घ्या. त्याच वेळी अंगणात खडूनं किंवा रांगोळीनं गावाचा नकाशा काढा आणि बायकांना खडे ठेवायला सांगा: जिथं बिनधास्त जाता येतं तिथं एक रंग, जिथं जात नाही तिथं दुसरा. अर्ध्या तासात जे कळतं ते दहा फॉर्मांत कळत नाही. ‘मैदानावर दिवा नाही’, ‘कट्ट्यावर बसणारे असतात’, ‘जवळ संडास नाही’ ही तीन कारणं जवळपास सगळीकडं निघतात, आणि पहिल्याचा आणि तिसऱ्याचा उपाय ग्रामपंचायतीच्या हातात असतो.

पुढची दहा वर्षं

आराखडा उद्यासाठी आहे, त्यामुळे आज किती मुलं आहेत एवढं पुरत नाही. २०११च्या जनगणनेचे आकडे आता फार जुने झालेत. त्यापेक्षा अंगणवाडी सेविकेची नोंदवही आणि शाळेचा गेल्या पाच-सहा वर्षांचा पट शेजारी शेजारी ठेवा. पट घटत असेल तर मुलं कमी झालीत की शहरातल्या शाळेत जातायत? दोन्हींचे अर्थ वेगळे. ज्येष्ठांची संख्या वाढत असेल तर चालायला सावलीचा रस्ता आणि बसायला कट्टा ही खेळाइतकीच खरी गरज आहे. जवळ एमआयडीसी येत असेल, प्लॉटिंग सुरू झालं असेल, तर मोकळी जागा आत्ताच राखून ठेवायला हवी.

तीन ढीग

आता सगळे कागद समोर घेऊन बसा आणि त्यांचे तीन ढीग करा. पहिला, ज्या जागा फक्त उघड्या करायच्या आहेत: किल्लीची व्यवस्था, वेळापत्रक, शाळेशी ठराव. याला खर्च जवळजवळ नाही. दुसरा, ज्या दुरुस्त करायच्या आहेत: पत्रा, दिवे, निचरा, उतार, स्वच्छतागृह. तिसरा, जे नवीन हवं ते. पहिले दोन ढीग संपल्याशिवाय तिसऱ्याकडं जाऊ नका. नव्या कामाचं उद्घाटन होतं, फोटो येतो, म्हणून ओढा तिकडं असतो हे मला मान्य आहे. पण नव्या प्रत्येक कामापुढं एक ओळ लिहायला लावा: वीजबिल कोण भरणार, झाडलोट कोण करणार, किल्ली कोणाकडं राहणार. ही ओळ कोरी राहिली तर ते काम पुढच्या वर्षावर टाका.

पैसा आणि ग्रामसभा

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत ग्रंथालयं आणि सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, सामूहिक मालमत्तेची देखभालही आहे. खेळाचा मात्र वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे खेळाचं काम मांडताना ते शाळा, आरोग्य किंवा सामूहिक मालमत्ता या विषयांखाली घालायची तयारी ठेवा. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२पासून ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बंधित होता, ४० टक्के अबंधित. मैदानाजवळचं सार्वजनिक स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी बंधित विषयात बसतं, त्यासाठी अबंधित पैशाला हात लावायची गरज नाही. स्वउत्पन्नातले महिला व बालकल्याणाचे १० टक्के आणि दिव्यांगांचे ५ टक्के आठवणीत ठेवा. मुलींचा आडोसा आणि दाराचा उतार तिथून मागता येतो. क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकासाच्या अनुदानासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, जाताना सातबारा आणि ठरावाची प्रत घेऊन जा.

आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते, म्हणून पाहणी पावसाळ्यातच संपवा. ग्रामसभेत वही वाचत बसू नका. नकाशा भिंतीवर लावा, तीन ढिगांतली कामं मोठ्या अक्षरांत लिहा, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनाच बोलू द्या. नववीतली मुलगी दिव्याबद्दल बोलली की सभा ऐकते.

नगरपंचायत असेल तर

तिथं विकास योजनेचा, म्हणजे डीपीचा नकाशा बघायलाच हवा. क्रीडांगण, उद्यान, नाट्यगृह अशी आरक्षणं त्यावर असतात. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. म्हणून प्रत्येक आरक्षणापुढं मंजुरीचं वर्ष आणि नोटीस आली आहे का, हे लिहा. शिवाय ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. त्या जागांवर आज काय आहे ते प्रत्यक्ष जाऊन बघा. पुष्कळ ठिकाणी तिथं गाड्या उभ्या असतात किंवा गवत माजलेलं असतं, आणि आजूबाजूच्यांना ती जागा आपली आहे हेच माहीत नसतं.

ठराव झाल्यावर त्याची सही-शिक्क्याची प्रत घ्या, ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढलेल्या आराखड्यात आपली कामं आलीत का ते बघा, आणि नसतील तर पुढच्या सभेची वाट न बघता लेखी विचारा. पाहणीची वही ग्रामपंचायतीत एक आणि शाळेत एक अशी दोन ठिकाणी ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तीच वही उघडायची, तिघं नवीन सोबती घ्यायचे आणि प्रत्येक पानावर ‘किल्ली’ या शब्दापुढं नवीन तारीख टाकायची.